दिवाळी पहाटेची ख्यालमैफल: संगीत मंडळाने ती कशी आखावी

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत पहाटेच्या मैफली होतात आणि त्यांपैकी बहुतेक मैफलींचा कल भावगीते, नाट्यगीते आणि अभंग यांच्या मिश्र कार्यक्रमाकडे असतो. तसे कार्यक्रम अवश्य व्हावेत. परंतु ज्या मंडळाची स्थापनाच शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी आणि ऐकवण्यासाठी झाली आहे, त्याने वर्षातून एक पहाट तरी ख्यालगायनाला, म्हणजे एकेका रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या गायकीला, पूर्णपणे द्यावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या मैफली प्रामुख्याने संध्याकाळी होत असल्याने ललित, भटियार, रामकली किंवा तोडीचे प्रकार अनेक जाणत्या श्रोत्यांनीही केवळ ध्वनिमुद्रणांतून ऐकलेले असतात. हे राग त्यांच्या वेळी, समोर बसून ऐकण्याची हक्काची संधी दिवाळीत मिळते. म्हणून पुढील प्रत्येक निर्णय घेताना कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा: गायकाला पहिल्या रागासाठी अखंड, शांत असा एक तास यामुळे मिळणार आहे की नाही?

दिवस, वेळ आणि परवानगी

नरक चतुर्दशीची पहाट शक्यतो टाळावी. त्या दिवशी घरोघरी सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान आणि त्यानंतर फराळ असतो, पहाटे फटाके वाजतात आणि घरातील स्त्रियांना तर मैफलीसाठी बाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. भाऊबीजेला लोक प्रवासात असतात. वसुबारस, धनत्रयोदशी आणि पाडवा हे तीन दिवस त्या मानाने सोयीचे ठरतात. त्यांतही पाडव्याला श्रोते सुट्टीत आणि निवांत असतात. तारीख ठरवताना पंचांग समोर ठेवावे, कारण तिथीनुसार येणारी दिवाळी इंग्रजी तारखांच्या हिशेबाने दरवर्षी पुढेमागे सरकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आले आहे. आदल्या वर्षी ते ऑक्टोबरमध्येच होते.

या काळात महाराष्ट्रात सूर्योदय साधारणपणे साडेसहाच्या सुमारास होतो. त्यामुळे सहाला मैफल सुरू केल्यास पहिला राग उजाडण्यापूर्वीच्या संधिप्रकाशात आणि दुसरा कोवळ्या उन्हात येतो. ही वेळ नियमांच्या दृष्टीनेही योग्य आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या ठरावीक दिवशी राज्य शासन जी सवलत देते ती रात्री १० ते १२ या वेळेपुरती असते. पहाटेसाठी तिचा उपयोग होत नाही. बंदिस्त सभागृहाला या मनाईतून वगळलेले आहे, तरीही आवाज बाहेर जाणार नाही याची जबाबदारी आयोजकांचीच राहते. मैफल मैदानावर किंवा उद्यानात घ्यायची असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी, जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या नगरपालिकेची किंवा संस्थेची परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेले पत्र, हे तिन्ही कागद महिनाभर आधी हाती असावेत. ध्वनिचाचणीही सहापूर्वी उघड्यावर करता येत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मैदानावरची मैफल म्हणूनच साडेसहाला किंवा त्यानंतर सुरू करावी लागते आणि ललितची वेळ हातची जाते. माझे स्पष्ट मत बंदिस्त सभागृहाच्या बाजूने आहे. शे-दोनशे माणसे मावतील असे, रहदारीपासून आत असलेले शाळेचे किंवा मंगल कार्यालयाचे सभागृह या कामाला मोठ्या नाट्यगृहापेक्षा अधिक चांगले ठरते, कारण ख्यालाला जवळीक लागते.

कलाकाराशी बोलणे

दिवाळीचे चार-पाच दिवस संपूर्ण महाराष्ट्रात एकाच वेळी येतात आणि चांगल्या गायकांच्या, त्याहूनही चांगल्या तबलजी आणि पेटीवादकांच्या तारखा लवकर भरतात. निमंत्रण निदान सहा महिने आधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जावे. फोनवर होकार मिळाल्यावर सगळ्या गोष्टी लिहून पाठवाव्यात: तारीख, वेळ, गायनाचा एकूण अवधी, मानधन, साथीदार कोणी ठरवायचे, प्रवास आणि निवास, ध्वनिमुद्रणाबाबत मंडळाचा विचार. साथीदारांचे मानधन गायकाच्या रकमेत धरले आहे की मंडळ ते वेगळे देणार आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट व्हावे. ते वेगळे आणि थेट साथीदाराच्या हाती देणे मला अधिक योग्य वाटते.

गायकाची पट्टी, म्हणजे तो पेटीच्या ज्या स्वराला ‘सा’ मानून गातो तो स्वर, विचारून घेणे अत्यावश्यक आहे, कारण तबला, पेटी आणि तानपुरे यांची निवड त्यावर ठरते. पट्ट्यांना पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून नावे आहेत: पुरुष गायक बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात आणि गायिका पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान. गायिकेच्या साथीला मोठ्या तोंडाचा, ढाल्या म्हणजे खालच्या स्वराचा तबला लागतो आणि तो प्रत्येक तबलजीकडे असतोच असे नाही. तानपुऱ्यांचेही तसेच: पुरुषी पट्टीचा मोठा तानपुरा गायिकेच्या स्वरात चढवला तर तारा तुटण्याची भीती असते, आणि लहान तानपुरा खाली उतरवला तर त्याच्या तारा सैल पडून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, बोलत नाही.

गायकाला आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात आणावे. पहाटे सहाला गळा लागण्यासाठी त्याला तीन-साडेतीनला उठून बसावे लागते, म्हणून मुक्कामाची खोली सभागृहाच्या जवळ, फटाक्यांच्या आवाजापासून दूर असावी. तिथे गरम पाणी पहाटे तीनला मिळेल याची खात्री करून घ्यावी आणि एक तानपुरा रात्रीच तिथे ठेवावा. रात्रीच्या जेवणाला कोणा सभासदाच्या घरी पंक्तीला बसवण्याचा आग्रह करू नये. आदरातिथ्य मैफल संपल्यावर मनसोक्त करता येते.

काय गायचे, हे कोणी ठरवायचे

राग गायकाने ठरवायचे. मंडळाने वेळेची रचना सांगावी, श्रोतृवर्गाची कल्पना द्यावी आणि तिथे थांबावे. तरीही आयोजकाला सकाळच्या रागांचा क्रम ठाऊक असला तर आखणी सुज्ञपणे होते. उजाडण्यापूर्वी ललित किंवा भटियार, सूर्योदयाच्या सुमारास भैरवाचे प्रकार, म्हणजे अहीर भैरव, नट भैरव, रामकली, त्याच वेळचा बैरागी, त्यानंतर दिवस वर येईल तसे तोडीचे प्रकार, देशकार, अल्हैया बिलावल, आणि आणखी उशिरा जौनपुरी किंवा देसी, असा हा ढोबळ प्रवास आहे. शेवट भैरवीने होतो. पावणेतीन तासांच्या मैफलीत एक मोठा राग पाऊण ते सव्वा तास, मध्यंतर, दुसरा राग चाळीस-पन्नास मिनिटे, मग एखादे नाट्यपद किंवा अभंग आणि भैरवी, एवढेच सुखाने बसते. तिसरा मोठा राग बसवायचा हट्ट केला की तिन्ही रागांची घाई होते.

मुख्य गायकाआधी एखाद्या तरुण कलाकाराला संधी देण्याची पद्धत स्तुत्य आहे, पण पहाटेच्या मैफलीत ती विचारपूर्वक वापरावी. तरुण गायक सहाला बसला तर ललितची वेळ त्याला मिळते आणि ज्येष्ठ गायक सात वाजता भैरव किंवा तोडीकडे वळतो. हे दोघांनाही मान्य असेल तर उत्तमच. मात्र आपण काय गाणार आहोत हे पहिल्या कलाकाराने दुसऱ्याला आधी कळवावे, म्हणजे तोच राग किंवा त्याच अंगाचा राग लागोपाठ येत नाही. फर्माइशी घ्यायच्याच असतील तर त्या मध्यंतरात चिठ्ठीवर घ्याव्यात आणि नाट्यपद-अभंगापुरत्याच ठेवाव्यात.

मंच आणि तानपुरे

मंच दीड ते दोन फूट उंच आणि किमान सोळा फूट बाय बारा फूट असावा. त्यावर गादी, घट्ट ओढून बसवलेली पांढरी चादर आणि मागे लोड एवढे पुरे. सैल चादर तबल्याच्या चुंबळीखाली गोळा होते. चालताना करकरणारा मंच आदल्या दिवशी ठोकून घ्यावा, कारण तानपुरा लावणाऱ्याने मांडी बदलली तरी तो आवाज मायक्रोफोन उचलतो. तबला आणि पेटी कोणत्या बाजूला, तानपुरे मागे किती अंतरावर, हे गायकाला विचारूनच मांडावे. मंचावरचा पंखा बंद असावा. धूप, उदबत्ती आणि पणत्यांचा धूर गळ्याला त्रास देतो. रांगोळी, झेंडूची तोरणे आणि आकाशकंदील यांनी सण पुरेसा दिसतो. पणत्या लावायच्याच असतील तर त्या प्रवेशद्वाराबाहेर, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असाव्यात.

तानपुऱ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मैफलीचा रंग तिथे ठरतो आणि आयोजकांचे लक्ष तिथे सर्वांत कमी असते. दोन तानपुरे हवेत. त्यांच्या तारा आठवडाभर आधी पाहून जुन्या, गंजलेल्या तारा बदलून घ्याव्यात आणि नव्या तारांना ताणून स्थिरावायला तीन-चार दिवस द्यावेत. मैफलीच्या पहाटे तानपुरे गवसणीतून काढून निदान एक तास आधी मंचावर ठेवावेत, म्हणजे सभागृहातील हवेशी ते जुळतात. वातानुकूलन चालू राहणार असेल तर ते तेव्हापासूनच चालू असावे. तानपुरे लावून झाल्यावर यंत्र सुरू केले की थंडीने तारा आखडून स्वर चढतो आणि तबल्याची पुडीही, म्हणजे वरचे कातडेही, ताणली जाते. कोकणात किंवा मैदानावर याच्या उलट अडचण येते: पहाटेच्या दवाने पुडी ओलसर होऊन उतरते.

लावण्याचे काम असे चालते. खुंट्या फिरवून चारही तारा अंदाजे स्वरात आणतात. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला (सा), शेवटची खर्जाच्या षड्जाला आणि पहिली तार रागानुसार पंचमाला (प), मध्यमाला (म) किंवा निषादाला (नी) मिळवतात. ललितमध्ये पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम लागतात, म्हणून त्या पहाटे पहिली तार बहुधा शुद्ध मध्यमाला लावलेली असते. मग घोडीखालचे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालचे, मणी केसभर सरकवून स्वर नेमका करतात, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक तारेखालचा जवारीचा दोरा हळूहळू पुढेमागे करत तार मोकळी, गुंजत बोलू लागेपर्यंत थांबतात. दोन्ही तानपुरे एकमेकांत मिसळेपर्यंत वीस मिनिटे सहज जातात. या वीस मिनिटांत मंचावर हार, समई, सूत्रसंचालकाची चाचणी असे काहीही चालू असता कामा नये. विद्युत तानपुरा सोबतीला असू द्यावा, परंतु त्याच्या भरवशावर खरे तानपुरे टाळू नयेत. पाठीमागे तानपुऱ्यावर बसायला गायकाचे शिष्य येणार नसतील तर गावातील संगीत विद्यार्थ्यांपैकी दोघांना आधीच सांगून ठेवावे. त्यांच्यासाठी तासभर गायकाच्या मागे बसणे हे मोठे शिक्षण असते.

ध्वनिव्यवस्था

ऑर्केस्ट्रा आणि वराती सांभाळणाऱ्या ध्वनिसंयोजकाला ख्यालाची सवय नसते आणि तो सवयीने बायाचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतील डाव्या वाद्याचा, घुमारा वाढवतो, गायकाच्या आवाजाला एको लावतो. त्याला आठवडाभर आधी भेटून नेमके सांगावे. गायकासाठी एक, पेटीसाठी एक, तबल्यासाठी दोन आणि तानपुऱ्यांसाठी दोन मायक्रोफोन लागतात. तानपुऱ्यांचे मायक्रोफोन खर्चाच्या नावाखाली वगळले जातात, आणि मग श्रोत्यांना आवाज ऐकू येतो पण त्याच्या पाठीमागचा स्वराचा पडदा ऐकू येत नाही. एको बंद किंवा जेमतेम असावा. गायकासमोर आणि तबलजीजवळ मॉनिटर हवेत. गायकाच्या मॉनिटरमध्ये तानपुरा भरपूर, तबला बेताचा. कर्कश शिटी, म्हणजे फीडबॅक, येऊ नये म्हणून मुख्य स्पीकर मंचाच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून असावेत.

एकंदर आवाज कमी ठेवण्याचे धैर्य दाखवावे. शेवटच्या रांगेत तानपुरा जेमतेम कळतो आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात, एवढा आवाज पुरे. आलापीत गायक फार हळू गातो. त्या वेळी मुख्य आवाज वाढवला की तानेच्या वेळी तो अंगावर येतो. रिकाम्या सभागृहातील चाचणीपेक्षा माणसे भरल्यावर आवाज बदलतो, म्हणून मंडळातील एका जाणत्या सभासदाने पहिली दहा मिनिटे मागे उभे राहून ऐकावे आणि ध्वनिसंयोजकाला खुणेने सांगावे. ते काम एकाच व्यक्तीकडे असावे. वीज गेल्यास ध्वनियंत्रणेला खंड पडणार नाही अशी बॅटरीची आणि जनित्राची सोय असावी, आणि जनित्र सभागृहापासून लांब असावे.

श्रोत्यांची तयारी

संगीत मंडळाचे काम केवळ मैफल भरवण्याने पुरे होत नाही. मैफलीच्या आधीच्या रविवारी तास-दीड तासाचे एक रसग्रहण सत्र ठेवावे, ज्यात गावातील एखादा शिक्षक किंवा गायक तानपुऱ्यावर बसून प्रत्यक्ष दाखवेल. ललितमध्ये दोन मध्यम लागोपाठ कसे येतात आणि पंचम नसल्याने स्वर मध्यमावर कसा विसावतो. देशकार आणि भूप यांचे स्वर तेच असूनही देशकार वरच्या अंगात, धैवताच्या आधाराने कसा उभा राहतो. एवढे दोन मुद्दे समजले तरी नवा श्रोता वेगळ्या कानाने मैफलीला येतो. विलंबित लयीची ओळख अवश्य करून द्यावी. एकतालाच्या बारा मात्रा असतात. एक मात्रा चार सेकंदांची असेल तर पूर्ण आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. तेवढा वेळ श्रोत्यांना हाताने मात्रा मोजायला लावाव्यात आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) येईपर्यंत थांबायला सांगावे. ज्याला एकदा सम सापडली, त्याला विलंबित ख्याल कंटाळवाणा वाटत नाही. मैफलीच्या दिवशी लांबलचक निवेदनाने हे काम होत नाही.

निमंत्रणपत्रिकेत वेळ ठळक छापून दरवाजे पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी बंद होतील असे लिहावे आणि ते पाळावे. उशिरा आलेल्यांना द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश सुरू होताना मागच्या रांगांत बसवावे. आलापीच्या वेळी कोणालाही आत सोडू नये, मग तो देणगीदार असो. पुढे भारतीय बैठक, कडेने आणि मागे खुर्च्या, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी पहिल्या रांगांच्या बाजूला काही राखीव खुर्च्या, अशी मांडणी चालते. मध्यंतरात चहा-कॉफी द्यावी. फराळ मैफल संपल्यावर द्यावा, कारण चिवडा आणि कागदी बशा यांचा आवाज मध्यंतरानंतरही बराच वेळ सभागृहात रेंगाळतो.

त्या पहाटेचा क्रम

साडेतीनला सभागृह उघडावे, चारला ध्वनिसंयोजक आणि तानपुरे मंचावर यावेत, पावणेपाचला कलाकार पोहोचावेत. पाच ते साडेपाच या वेळेत वाद्ये लावणे आणि ध्वनिचाचणी पूर्ण करून कलाकारांना आतल्या खोलीत निवांत बसू द्यावे. तिथे गरम पाणी, चहा आणि आणखी एक तानपुरा असावा, भेटायला येणारे सभासद नसावेत. साडेपाचला दरवाजे उघडावेत. दीपप्रज्वलन पावणेसहाला, दोन मिनिटांत, भाषणाविना आटोपावे. पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी निवेदकाने कलाकारांची नावे, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती आणि ध्वनिमुद्रणास मनाई एवढेच सांगून खाली उतरावे. सहाला षड्ज लागला पाहिजे.

सत्कार, प्रायोजकांचे आभार आणि अध्यक्षांचे मनोगत मध्यंतरानंतर दहा मिनिटांत बसवावे. प्रायोजकाचे नाव पत्रिकेवर आणि प्रवेशद्वाराशी सन्मानाने असावे, पण गायकाच्या मागे जाहिरातीचा फलक नको. ही अट देणगी स्वीकारतानाच सांगितली की नंतर वाद होत नाही.

पैसा आणि कागद

मानधन मैफल संपल्यावर त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे द्यावे. करकपात लागू होत असेल तर रक्कम आधी सांगावी आणि कपातीचे प्रमाणपत्र वेळेवर पाठवावे. शास्त्रीय किंवा लोककला सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनाला वस्तू आणि सेवा करातून सूट आहे. तरी चालू वर्षाची तरतूद मंडळाच्या लेखापालाकडून तपासून घ्यावी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क असतो, म्हणून ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण करायचे तर गायकाची आणि साथीदारांचीही लेखी संमती हवी, आणि त्या मुद्रणाचा वापर कुठे व किती काळ होईल हे त्यात नमूद असावे. केवळ मंडळाच्या संग्रहासाठी मुद्रण हवे असले तरी हीच पद्धत पाळावी.

मैफलीनंतरच्या दोन-तीन दिवसांत मंडळाच्या वहीत नोंद करावी: कोणते राग, बंदिशींचे मुखडे, ताल, साथीदारांची नावे, सुरुवातीची आणि शेवटाची खरी वेळ, तानपुऱ्यांची पट्टी, आणि आवाजाच्या बाबतीत काय अडले. बंदिशींविषयी शंका असेल तर गायकालाच विचारावे. बहुतेक कलाकार आनंदाने सांगतात. त्याच आठवड्यात पंचांग पाहून पुढच्या पाडव्यासाठी सभागृहाकडे अर्ज द्यावा, कारण दिवाळीच्या तारखांना लग्नाचे मुहूर्त नसले तरी इतर संस्थांच्या पहाटेच्या कार्यक्रमांची मागणी त्याच दिवसांसाठी येते.